पायथ्याखालच्या विटा

१२ ऑक्टोबर १९८७

प्रमिलाला आज शाळेत रक्त दिसले. दुसरीच्या वर्गाचा पाढ्यांचा तास चालू होता. तिने सातचा पाढा पुरा म्हणून घेतला आणि मग शिपायाला माझ्या कचेरीत पाठवले. मी भूमापन कचेरीत आरेखक आहे. सायली गावातल्या कारखान्यांच्या भूखंडांचा नकाशा शाईत उतरवत होतो. हातातली रेघ पुरी केली आणि निघालो. रिक्षात ती म्हणाली, "रेघ पुरी करून आलात ना?" मी हो म्हणालो. "वाटलंच मला," ती म्हणाली.

नववा आठवडा चालू आहे. लग्नाला सात वर्षे झाली. तीन वर्षांपूर्वी एकदा असेच झाले होते आणि तेव्हा राहिले नव्हते. त्या वेळी मी काहीच लिहून ठेवले नाही, त्यामुळे काय केले आणि काय करायचे राहून गेले हे आज कोणालाच सांगता येत नाही. या वेळी लिहिणार आहे.

डॉक्टर केतकीबेन वलसाडच्या. मराठी चांगले बोलतात, मध्येच गुजरातीत घसरतात. तपासून म्हणाल्या, "गर्भपिशवीचं तोंड बंद आहे. राहू शकतं." मी विचारले, शंभरातली किती राहतात. "अडधाथी वधारे टकी जाय छे, भाई." मी म्हणालो, अर्ध्याहून जास्त टिकतात म्हणजे एकावन्न की नव्वद? तर म्हणाल्या, "हूं डॉक्टर छूं, ज्योतिषी नथी."

हुकूम असे: पूर्ण विश्रांती. बादली, कळशी उचलायची नाही. जिना नाही. खाटेचा पायथा विटांवर उचलायचा, म्हणजे पोटावरचा भार वरच्या बाजूला राहतो.

१४ ऑक्टोबर

विटा मिळाल्या. पलीकडे नव्या क्वार्टरांचे बांधकाम चालू आहे, तिथल्या मुकादमाला चिठ्ठी लिहून दिली: 'चार विटा, तात्पुरत्या, परत करण्याच्या बोलीवर.' तो म्हणाला, साहेब, चार विटांची कसली चिठ्ठी. मी म्हणालो, सरकारी वीट आहे.

विटा आमच्याकडे काम करणाऱ्या बायडाबाईने आणल्या. ती धुळे जिल्ह्यातली, साक्रीकडची. नवरा गोकुळ खडोलीच्या सूत कारखान्यात आहे आणि दोघे अथालच्या चाळीत राहतात. बोलते अहिराणीत, मला निम्मे कळते. भांडी-धुणे ती आधीपासून करते, आता खालच्या नळावरून पाणीही तीच वर आणेल असे ठरवले. चारही विटा एका खेपेत डोक्यावर घेऊन आली. जिन्याच्या वळणावर थांबली आणि बराच वेळ कठडा धरून उभी राहिली. मी विचारले, काय झाले. "काही नही भाऊ, ऊन लागनं." जिन्यात ऊन येत नाही. पण बाहेर होते.

पायथ्याच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा. दोन्ही बाजू सारख्या आहेत का, ते बुडबुड्याची पाणसळ लावून पाहिले. उंची बरोबर सहा इंच.

वर तारीख आधी १३ पडली होती. आमच्या खात्यात चूक खोडरबराने पुसत नाहीत. चुकलेल्यावर एकच रेघ मारायची, म्हणजे खालचे वाचता येते, वर बरोबर लिहायचे आणि सही करायची. तसेच केले.

१८ ऑक्टोबर

थोडे थोडे रक्त अजून जाते. प्रमिला म्हणते, या उतारावर गिळलेला घास परत घशाशी येतो. मी म्हणालो, विटा घासासाठी नाहीत.

कॉलनीत चौकशी केली. ज्यांना सुरुवातीला असे झाले होते अशा सात जणी निघाल्या. चौघींना मुले झाली, तिघींना नाही. म्हणजे सत्तावन्न टक्के. हेडक्लार्क नारायणराव म्हणाले, "रमाकांत, असल्या गोष्टी बायकांना दारोदार जाऊन विचारू नका हो." मी बायकांना विचारलेच नव्हते, नवऱ्यांना विचारले होते. दोघांना नक्की आठवत नव्हते, ते आत जाऊन विचारून आले.

प्रमिलाला सत्तावन्न सांगितले. तिने भिंतीकडे तोंड केले. मला वाटले होते बरे वाटेल.

२० ऑक्टोबर

जुन्या नकाशांचे ट्रेसिंगचे कापड रद्द झाले, ते घरी आणले होते. निळसर, खळ लावलेले, कागदासारखे कडक कापड असते. बायडाबाईने विचारले, "भाऊ, हाई निळं कापड फेकतस का?" मी सांगितले, दोन दिवस पाण्यात भिजव, खळ जाते आणि मलमलीसारखे मऊ होते. आमच्या खात्यातले लोक त्याचे रुमाल करतात. एक हात लांबीचा तुकडा दिला. त्यावर रद्दचा शिक्का मारलेला होता, त्यामुळे द्यायला हरकत नव्हती.

२३ ऑक्टोबर

आज दिवसभर सायलीला मोजणीवर होतो. संध्याकाळी आलो तर आई गुहागरहून आली होती आणि घरात बरेच बदल झाले होते.

आईने दारातच विचारले, "अरे, शिकलेली माणसं ना तुम्ही? पोटुशीचे पाय दक्षिणेला? यमाच्या दारात?" मी नकाशे काढतो, तेव्हा दिशा मला कळायला हवी होती. हे मान्य केले. खाट हलवायला जागा नाही, एका बाजूला कपाट आणि दुसऱ्या बाजूला दार आहे. म्हणून आईने खाट होती तिथेच ठेवून प्रमिलालाच फिरवली. उशी आता दक्षिणेला आणि पाय उत्तरेला. आईचे आभार मानले. विटा जागच्या जागी आहेत, हेही पाहून घेतले.

२६ ऑक्टोबर

रक्त थांबले. कालपासून एक थेंब नाही.

घास वर येण्याची तक्रारही थांबली. प्रमिलाला आता पडल्या पडल्या आरामात वाचता येते, शाळेच्या वह्याही तपासते. आई म्हणते, दिशेचा गुण. माझ्या मते विटांचा. दोघांचेही बरोबर असू शकते. वाद घातला नाही.

संध्याकाळी एकटाच दमणगंगेच्या पुलापर्यंत जाऊन आलो. तिथे मला रडू आले. कारण काहीच नव्हते, रक्त तर थांबले होते.

१ नोव्हेंबर

उजव्या पायाखालच्या विटेचा कोपरा गेलेला आढळला. कोणीतरी कुरतडल्यासारखा दिसतो. आईचे मत उंदीर. उंदीर वीट खात नाही. पाणसळ थोडी ढळली म्हणून फटीत कागदाची घडी घातली. त्याच वेळी बायडाबाई केर काढत होती, तिच्या गालात काहीतरी होते. सुपारी असावी.

दुपारची भांडी झाली की ती हल्ली लगेच घरी जात नाही. जिन्यात पायरीवर बसून काहीतरी शिवते. एक-दोनदा पाणी आणायला उशीर झाला. पदर पोटाभोवती घट्ट खोचून बसते आणि मी दिसलो की शिवण खाली दडवते. घरची कामे इथे करू नये असे सांगणार होतो. प्रमिला म्हणाली, "बसू द्या हो. तिला दम लागतो." धडधाकट बाई आहे. विटा एका खेपेत आणल्या होत्या.

७ नोव्हेंबर

आज एक भयंकर गोष्ट लक्षात आली.

घोलवडचे चिकू आणले होते. एक प्रमिलाच्या उशीजवळ ठेवला आणि पाणी आणायला वळलो. परत पाहतो तो चिकू गादीवरून घरंगळत तिच्या पायांशी. उचलून पुन्हा उशीशी ठेवला. पुन्हा पायांशी. तिसऱ्यांदा ठेवल्यावर मला कळले. विटा होत्या तिथेच आहेत. फिरली ती प्रमिला. गेले पंधरा दिवस तिचे डोके सहा इंच वर आहे आणि पाय खाली.

मोजमाप हा माझा व्यवसाय. पाणसळ लावून मी ही चूक रोज नीट राखली होती.

प्रमिला म्हणाली, "मला पहिल्या दिवशीच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बरं वाटत होतं. आणि रक्त थांबलं. मग कशाला पुन्हा काही हलवायचं?"

आई म्हणाली, विटांचे तिला कोणी सांगितलेच नव्हते. तिला वाटले, खाटेचे पाय कमीजास्त आहेत.

८ नोव्हेंबर

केतकीबेन तपासायला घरी आल्या, त्यांना सगळे कबूल केले. कान लाल झाले होते. त्या आधी हसल्या, मग प्रमिलाला तपासून म्हणाल्या, "पोट वाढतंय. उत्तम." मी म्हणालो, पण पंधरा दिवस उलट्या बाजूने विटा होत्या. त्या म्हणाल्या, "रमाकांतभाई, विटांनी कोणाचं राहत नाही आणि विटांनी कोणाचं जात नाही. जे रहेवानुं ते रहे."

"मग सांगितल्या कशाला?"

"माझ्या सरांनी मला सांगितल्या होत्या. आणि नवऱ्याला काहीतरी करायला लागतं ना."

प्रमिलाला घरातल्या घरात फिरायची परवानगी मिळाली. वजन उचलणे आणि जिना अजून बंद.

१० नोव्हेंबर

विटा परत केल्या. वापर संपला की सरकारी वस्तू लगेच परत गेली पाहिजे. बायडाबाईने विचारले, "परत तठेच ठेवू का, भाऊ?" एक वीट फुटकी असल्याने मुकादमाला तसे लिहून दिले. या वेळी तिने दोन खेपा केल्या. चार विटांना दोन खेपा लागायला नकोत. नंतर पाण्याच्या आठ बादल्याही तिनेच आणल्या, उद्या नळ बंद राहणार आहे म्हणून.

१२ नोव्हेंबर

बायडाबाई विनासूचना गैरहजर.

१३ नोव्हेंबर

गैरहजर. खालून पाणी मी आणले. सहा बादल्या. तळहातांना वळ आले.

१६ नोव्हेंबर

गैरहजर. प्रमिला म्हणाली, अथालला जाऊन पाहून या. मी म्हणालो, गावी गेले असतील. ही माणसे सांगून जात नाहीत.

१९ नोव्हेंबर

बायडाबाई आली. चेहरा उतरलेला, ताप येऊन गेल्यासारखा. मी शांतपणे सांगितले, घरात अशी परिस्थिती असताना निदान निरोप तरी पाठवायला हवा होता. ती म्हणाली, "चुकनं भाऊ." चूक लगेच मान्य केली, हे आवडले.

प्रमिलाने तिला आत बोलावले आणि दार लावून घेतले. अर्ध्या तासाने दार उघडले तेव्हा प्रमिलाचे डोळे सुजलेले होते. कारण विचारले तर म्हणाली, काही नाही. केतकीबेन म्हणाल्या होत्या की या दिवसांत असे होते.

रात्री जेवताना प्रमिला म्हणाली, "उद्यापासून खालचं पाणी तुम्ही आणायचं." मी विचारले, किती दिवस? तिने आमटी वाढली.

५ डिसेंबर

दूध रोज पेलाभर कमी पडते आहे. लोहाच्या गोळ्यांची बाटलीही वेळेआधी संपली. चौकशी करता दूध आणि गोळ्या प्रमिला बायडाबाईला देते असे कळले. मी म्हणालो, गोळ्या डॉक्टरांनी तुझ्यासाठी लिहिल्या आहेत. ती म्हणाली, "दुसरी बाटली आणा." आवाज असा होता की दुसरी बाटली आणली.

जिन्यातले शिवणकाम बंद झालेले दिसते.

९ जानेवारी १९८८

आज ठोके ऐकले. केतकीबेननी लाकडी नळी प्रमिलाच्या पोटावर ठेवली, आधी स्वतः ऐकले आणि मग म्हणाल्या, "या, रमाकांतभाई, कान लावा." मला आधी स्वतःचेच ठोके ऐकू आले. मग त्यांच्या आत, फार घाईत, दुसरे. घड्याळ लावून मोजायचे ठरवून गेलो होतो. मोजायचे राहून गेले.

केतकीबेन म्हणाल्या, "सुरुवातीला रक्त गेलेल्यांचं कधी कधी थोडं आधी होतं, वजन कमी भरतं. घाबरायचं नाही. येईल." मी टक्के विचारले नाहीत.

घरी येऊन आईला सांगितले. बायडाबाई भांडी घासत होती, तिलाही सांगितले, आनंदाची गोष्ट म्हणून. ती म्हणाली, "चांगलं व्हयनं भाऊ." मग मोरीतल्या टाकीची तोटी सोडून बराच वेळ एकच पातेले धूत राहिली. टाकीतले पाणी मी खालून आणलेले होते, पण आज वाहू दिले.

१९ एप्रिल

मुलगी झाली. पहाटे, चार आठवडे आधी. वजन दोन किलो शंभर ग्रॅम. केतकीबेन म्हणाल्या, लहान आहे पण रडते जोरात, काळजी नाही. प्रमिला ठीक आहे.

पहिल्यांदा हातात दिली तेव्हा ती इतकी हलकी होती की मी दुसरा हातही खाली धरला. एवढ्यासाठी आम्ही सगळे सहा महिने श्वास धरून होतो. मला फार, फार आनंद झाला आहे. याहून नीट लिहिता येत नाही.

३० एप्रिल

बारसे झाले. नाव मंजुषा. कॉलनीतल्या पंचवीस-तीस बायका आल्या होत्या. बायडाबाईला आईने बोलावले होते, पण ती आली नाही. सकाळी सगळी भांडी घासून ठेवली आणि पाहुणे यायच्या आधी निघून गेली. आईला ते खटकले. प्रमिला म्हणाली, "असू दे आई."

१ मे

आज सुट्टी. घरीच होतो.

बायडाबाई दुपारी आली. हातात कापडात बांधलेले काहीतरी होते. मला वाटले, काल बारशाच्या जेवणाचा डबा पाठवला होता तो परत आणला. सोडले तर आतून लहान गोधडी निघाली. हातभर लांब, बारीक एकसारखे टाके, जुन्या लुगड्यांचे तुकडे आणि मधोमध एक निळसर चौकोन. प्रमिलाने ती घेतली आणि एकदम छातीशी धरली.

मी म्हणालो, "छान शिवलीस. दहा-बारा दिवसांत एवढं काम?"

"नवी नही भाऊ," ती म्हणाली. "पहिलेच शिवेल व्हती. पडेल व्हती घरमां."

आईने गोधडी पसरली आणि मंजुषाला वर निजवले. निळ्या चौकोनावर एक पुसट काळी रेघ आणि उत्तरेचा बाण होता. ते माझ्या हातचे काम आहे, ट्रेसिंगच्या कापडावरची शाई धुऊनही पुरी जात नाही. बाण बाळाच्या पायांकडे होता, म्हणजे आईच्या हिशेबाने बरोबर.

बायडाबाईने बाळाच्या तळपायाला एक बोट लावले आणि ती भांडी घासायला गेली.

हे कापड मी तिला कधी दिले ते आठवेना, म्हणून ही वही काढली. २० ऑक्टोबर. मग पुढे वाचले, १ नोव्हेंबर, जिन्यात शिवत बसते, पदर घट्ट खोचते, दम लागतो. विटेचा कोपरा. आमच्याकडे गुहागरलाही दिवस गेले की बायका भाजकी माती खातात, हे मला ठाऊक होते. मग मागे गेलो, १४ ऑक्टोबर. मग १० नोव्हेंबर. मग १२. सगळे माझ्याच अक्षरात, ओळीने लिहिलेले आहे. आज मी ते पहिल्यांदा वाचले.

प्रमिलाजवळ जाऊन बसलो. विचारले, "कितवा महिना होता?"

तिला काय ते लगेच कळले. "पाचवा लागला होता. मुलगा होता."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही सात जणींची टक्केवारी काढत होतात तेव्हा आठवी घरातच होती. मलाही ती परत आली तेव्हाच कळलं. लपवलं होतं तिने."

"का?"

"मी अशी आडवी पडलेली. तिच्या सासूने सांगितलेलं, एकीचं डळमळत असेल तर दुसरीने तिच्यासमोर आपलं पोट मिरवू नये. माझं राहावं म्हणून लपवलं हो."

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. मी म्हणालो, "केतकीबेन म्हणाल्या होत्या, विटांनी कोणाचं जात नाही."

"मी तिला तेच सांगितलं. ती म्हणाली, मग ताई, तुम्हाला बादली का उचलू देत नव्हते?"

"तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? तेव्हापासून पाणी तुम्ही आणता."

विटांमुळे गेले, बादल्यांमुळे गेले, की जायचेच होते, हे केतकीबेननाही सांगता येणार नाही. मला माझी लाज वाटते, एवढे मात्र सांगता येते. मोरीच्या दारापर्यंत गेलो. ती पाठमोरी होती. "बायडाबाई," म्हणालो. ती वळली, "काय भाऊ?" म्हणालो, चुकलं माझं. तिने माझ्याकडे पाहिले, मग खाली पाहिले आणि पातेल्यावर पाणी ओतले. म्हणाली, "पोरगी रडी राह्यनी भाऊ. जा."

टक्केवारी पुन्हा काढली नाही. १२ नोव्हेंबरचे पान उघडले. 'विनासूचना गैरहजर' यावर एकच रेघ मारली, खालचे वाचता येईल अशी. वर लिहिले: 'बायडाबाईचा मुलगा गेला. पाचवा महिना.' तसेच १३ आणि १६ तारखेला केले. तिन्ही ठिकाणी सही केली आणि आजची तारीख घातली.